सातव्या वळणावरची भिंत

घाटातून जाताना रस्त्याकडेची दगडी भिंत भर पावसाळ्यात कोरडी दिसली, की मी अस्वस्थ होतो. बरोबरच्या माणसांना ती भिंत चांगली बांधलेली वाटते. मला जागोजागी गळणारी, शेवाळ धरलेली, तांबड्या ओघळांनी माखलेली भिंत चांगली वाटते. असं का, हे सांगायचं तर माझ्या नोकरीतली एक हकिगत सांगावी लागेल.

मी मूळचा बेळगावचा. शिक्षण बेळगाव आणि पुणे इथं झालं, आणि नोकरी लागली ती कारवारकडच्या रस्त्यांवर. पुढं राज्यांची फेररचना झाली तेव्हा आमच्यासारखे पुष्कळ जण जागचे न हलता मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आले. मला मात्र हलावं लागलं. बंगळूरच्या मुख्य कचेरीत घाटरस्त्यांच्या आराखड्यांचं काम बघणारा एक लहानसा विभाग होता, त्यात माझी बदली झाली. बंगळुरातलं राजाजीनगर तेव्हा नुकतं वसत होतं. आखलेले रस्ते होते, मधून मधून घरं होती आणि बाकी मोकळे प्लॉट. तिथं दोन खोल्या भाड्यानं घेऊन आम्ही संसार मांडला.

नातेवाईक विचारायचे, "तू घाटाचं काम करतोस, मग राहतोस बंगळुरात कसा?" प्रश्न बरोबर होता. लालबागेतला खडक सोडला तर मान वर करून बघावी अशी चढण आमच्या आसपास नव्हती. तिथं बसून आम्ही अडीचशे मैलांवरचे डोंगर सांभाळत होतो. घाटातली माती पत्र्याच्या डब्यांत मेण लावून बंद करून रेल्वेच्या पार्सलनं येई. आम्ही ती वजन करत असू, भिजवत असू, दाबून बघत असू आणि तिच्यावरून भिंत किती जाड हवी ते ठरवत असू. मातीचं शास्त्र तेव्हा नवीन होतं. मी परदेशी पुस्तकं मागवून वाचत असे आणि त्यातलं पुष्कळ मला समजलं आहे, असा माझा समज होता.

हे शास्त्र बाहेरच्या माणसाला कसं सांगायचं, ते मला माझ्या पत्नीनं, सुमतीनं शिकवलं. लग्नापूर्वी ती बेळगावात शिक्षिका होती. एकदा तिच्या मैत्रिणी घरी आल्या असताना तिनं ताटात कोरडा रवा ओतून दाखवला. त्याचा ढीग आपोआप एका उतारावर थांबतो. कितीही रवा घाला, उतार तोच राहतो. मग तिनं ढिगाच्या माथ्यावर चमचा चमचा पाणी सोडलं. थोड्या पाण्यानं ढीग उलट घट्ट झाला. आणखी सोडल्यावर एका बाजूनं हळूच खाली बसला आणि ताटाबाहेर आला. "हे यांचं काम," ती म्हणाली. "पाणी ताटाबाहेर काढायचं, रवा नाही." इतकं सोपं मी कधीच सांगू शकलो नसतो.

सुमतीला जाऊन दहा महिने झाले. माझा प्रत्येक मजकूर, मग तो कचेरीचा अहवाल का असेना, आधी ती वाचत असे. आता वाचणारं कोणी नाही म्हणून मी एक पान लिहितो, दोन दिवस ठेवतो आणि स्वतःच परत वाचतो. त्यामुळं हे लिहायला वेळ लागला.

घाटाचं नाव सांगत नाही. वर मलनाडातल्या सुपारीच्या बागा, खाली कोकणपट्टी, आणि मधे अठरा वळणं. सातवं वळण दर पावसाळ्यात रस्त्यावर माती आणून टाकी. तिथला मुकादम तिप्पण्णा. रस्त्याच्या गड्यांच्या टोळीवर जो मुख्य असतो त्याला मुकादम म्हणतात. हा हल्याळकडचा, माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठा, बुटका, डोक्याला काळी लोकरीची टोपी. मराठी आणि कानडी दोन्ही बोलायचा, लिहिता-वाचता काहीच येत नव्हतं. सातव्या वळणाजवळच त्याची सरकारी दगडी खोली होती आणि तिथं त्याचं सगळं कुटुंब राहत होतं.

डोंगर सरकण्याआधी सांगतो, हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. कसा सांगतो, ते तिप्पण्णानं दाखवलं. पहिल्याच भेटीत तो मला वळणाच्या वर चढवून घेऊन गेला. गवतात एक भेग होती, बोट जाईल एवढी, चंद्रकोरीसारखी वाकडी. तिच्या दोन्ही बाजूंना त्यानं खुंट्या मारून ठेवल्या होत्या आणि मधे सुतळीचा तुकडा ताणून बांधला होता.

"ही सुतळी गेल्या वर्षी सैल होती," तो म्हणाला. "आता वाजवून बघा."

मी बोटानं छेडली. तार वाजावी तशी वाजली.

भेगेच्या वर गंगक्काची सुपारीची बाग होती. गंगक्का म्हणजे एक विधवा बाई, साठीची, ताठ कण्याची. तिच्या बागेला पाणी देणारा पाट नेमका भेगेवरून जात होता आणि निम्मं पाणी डोंगराच्या पोटात उतरत होतं. पाट बंद करणं हा पुस्तकातला उपाय. मी तो तिला कानडीत, जमेल तसा, सांगितला.

तिनं ऐकून घेतलं. मग तिप्पण्णाला विचारलं, "हा बंगळूरचा का?"

"हो अक्का."

"तिकडं सुपारी होते का?"

"नाही अक्का."

"मग सरी, ठीक आहे. त्याचा राग नको धरायला."

मग तिप्पण्णानं तिच्याशी बसून तासभर बोलणं केलं. त्या भागात जुन्या सुपारीच्या झाडाचं खोड उभं चिरून, आतला गाभा काढून पन्हळ करण्याची पद्धत आहे. तसल्या पन्हळी एकीत एक बसवून पाट भेगेवरून अधांतरी पलीकडं न्यायचा, असं ठरलं. खोडं गंगक्काची, मजुरी टोळीची. बाग राहिली आणि डोंगराच्या पोटात जाणारं पाणी निम्म्यानं कमी झालं. बंगळूरला परतल्यावर मी त्याचा सुबक आराखडा काढून फायलीला लावला. त्यावर माझं कौतुक झालं.

पण सातव्या वळणाला तेवढं पुरलं नाही. पावसाळ्यात तिथं एक झरा फुटे, त्याचं पाणी डोंगराच्या आतून येई. म्हणून मी तिथं भिंत आखली. सहा वार उंच, पायथ्याशी जाड, माथ्याशी निमुळती. अशा भिंतीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवायची असते. ती माती अडवण्यासाठी असते, पाणी अडवण्यासाठी नसते. मातीचा भार हिशेबात धरता येतो. मागं पाणी साठलं तर भार कुठल्या कुठं जातो. म्हणून भिंतीच्या मागं दगडगोट्यांचा जाड थर भरतात आणि भिंतीत वार-दीड वारावर आरपार भोकं ठेवतात. आतलं पाणी गोट्यांमधून खाली येतं आणि भोकांतून रस्त्याकडेच्या गटारात पडतं. माझ्या आराखड्यात अशी बेचाळीस भोकं होती. तिप्पण्णानं ती सगळी बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन ठेवली. आराखड्यात उतार दाखवायचा मी विसरलो होतो.

पहिल्या पावसाळ्यात भिंत मनसोक्त गळली. प्रत्येक भोकाखाली तांबड्या मातीचा ओघळ उमटला. दुरून ती भिंत जखमी झाल्यासारखी दिसे.

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या आधी एक मोठे पाहुणे त्या रस्त्यानं जाणार, असं कळलं. आमच्या विभागाचे साहेब म्हैसूरचे, शांत स्वभावाचे, नेहमी पूर्ण बाह्यांचा सदरा घालणारे. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "घाटातल्या लोकांना एक पत्र लिहा. सगळं स्वच्छ असू द्या म्हणावं." माझं इंग्रजी बरं म्हणून मसुदे माझ्याकडं येत. साहेबांचा निरोप एका ओळीचा होता. मला एका ओळीचं पत्र पाठवणं बरं दिसेना. मी रस्त्याच्या कडा, मैलाचे दगड, गटारं असं एकेक घेत गेलो. आणि एक वाक्य असं लिहिलं, की भिंतींच्या दर्शनी भागावर पाण्याचे डाग अथवा ओघळ दिसता कामा नयेत.

मला ब्रशनं घासून चुना लावणं अभिप्रेत होतं. साहेबांनी सही केली. पत्र जिल्ह्याला गेलं, तिथून तालुक्याला. तिथल्या कारकुनानं त्याचं कानडी केलं आणि तिप्पण्णाला वाचून दाखवलं. पाहुणे आले, गेले, घाट छान ठेवला आहे म्हणाले. ते मला कळवण्यातही आलं.

त्या जुलैमध्ये मी पावसाळी पाहणीसाठी निघालो. शेवटचा टप्पा खाजगी सर्व्हिस मोटारीचा होता. सकाळी दहाच्या सुमारास सातव्या वळणाच्या अलीकडं मोटार थांबली. रस्त्यावर मोठे धोंडे आडवे लावले होते आणि त्यांच्यापुढं, डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन, हातात बांबूला बांधलेलं तांबडं फडकं धरून तिप्पण्णा उभा होता.

ड्रायव्हर त्याला ओळखत होता. "काय रे तिप्पण्णा," तो खिडकीतून म्हणाला, "जावई येणार म्हणून वाट अडवलीस काय?"

"मोटार मागं घे."

"मागं घे म्हणजे? चौदा माणसं हायत आत. एक वकीलसाहेब हायत, त्यांची तारीख हाय."

"तारीख म्होरल्या महिन्यात बी पडती की. भिंत आज पडणार हाय."

वकिलांनी डोकं बाहेर काढून, हा माणूस कोणत्या अधिकारानं रस्ता अडवतो, असं विचारलं. मग मी उतरलो. मला बघून तिप्पण्णाला बरं वाटलं असावं. तो मला भिंतीपासून वीस पावलांवर घेऊन गेला. त्याच्या पुढं जाऊ देईना.

"पोट काढलंय बघा साहेब. परवा न्हवतं. काल दोन बोटं, आज चार."

मी बघितलं. पाऊस बारीक पडत होता आणि मला फुगवटा नीट दिसला नाही. मला दिसलं ते वेगळंच. एवढ्या पावसात भिंत स्वच्छ होती. एकही ओघळ नव्हता.

"किती छान कोरडी राहिली आहे," मी म्हणालो.

तिप्पण्णानं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला तेव्हा कळलं नाही.

मी त्याला समजावलं. ही भिंत मी स्वतः आखली आहे, येणाऱ्या भाराच्या दुप्पट भार ती सहज घेईल, एक मोटार जायला अर्धा मिनिट लागतो.

"कागदावर घेईल ओ," तो म्हणाला. "हितं न्हाई घेणार."

"तिप्पण्णा, धोंडे काढा."

"मी न्हाई काढत. माझी माणसं बी काढणार न्हाईत. तुमास्नी काढायचे तर काढा."

नोकरीत मला असं कोणी बोललं नव्हतं, आणि मोटारीतली चौदा माणसं ऐकत होती. मी छत्री मिटली आणि एका धोंड्याला हात घातला. वकील आणि कंडक्टर मदतीला आले. आम्हा तिघांना मिळून तो धोंडा वीतभर हलला. ड्रायव्हर आतून म्हणाला, "साहेब, कमरेत धरंल हां." टोळीतली माणसं बाजूला उभी राहून बघत होती, कोणी हसलं नाही. दुसऱ्या धोंड्याला आम्ही लागलो होतो, तेव्हा भिंतीच्या माथ्यावरून मूठभर खडे घरंगळत खाली आले.

भिंत पडताना मोठा आवाज होईल, अशी माझी समजूत होती. तसं झालं नाही. भिंतीचा मधला भाग बैठक मारल्यासारखा खाली बसला. मग तांबडं पाणी एकदम बाहेर आलं, आणि पाण्यामागून डोंगर आला, सावकाश, झाडं उभीच्या उभी घेऊन. रस्ता गेला. रस्त्याखालची दरीची कड गेली. आम्ही होतो तिथपासून पंधरा पावलांवर सगळं थांबलं.

मग ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं स्वतःच्या खिशातली विडी काढून तिप्पण्णाला दिली आणि ओल्या हातांनी ती पेटवायला तीन काड्या घालवल्या.

पाणी ओसरल्यावर मी ढिगाऱ्यातल्या भिंतीच्या एका तुकड्याजवळ गेलो. त्यात माझं एक भोक होतं. सिमेंटनं गच्च भरलेलं, वरून थापीनं गुळगुळीत केलेलं, त्यावर चुन्याचा हात. दुसऱ्या तुकड्यातही तसंच.

"ही भोकं कोणी बुजवली?"

"मीच," तिप्पण्णा म्हणाला. "बेचाळीसच्या बेचाळीस. पत्र आलं होतं न्हवं."

चौकशी झाली. भिंत माझी आणि पडताना हजर मी, म्हणून अहवाल मीच लिहायचा होता. साहेब म्हणाले, "भोकं मुकादमानं बुजवली, हे खरं ना?"

"खरं."

"मग तेवढं लिहा."

मी अकरा पानांचा अहवाल लिहिला. पावसाचं मान, मातीचा प्रकार, साठलेल्या पाण्याचा दाब, आणि भोकं मुकादमानं बंद केल्यामुळं भिंत कोसळली हा निष्कर्ष. मोटार त्यानंच थांबवली, हेही लिहिलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. त्यावर खाली शेरा पडला, की मुकादमाला टोळीतला साधा गडी करावं आणि नोकरीवरून काढून टाकण्याचा निर्णय वर्षअखेरीस घ्यावा. निवृत्तीला त्याची तीन वर्षं उरली होती. काढून टाकलं असतं तर खोलीही सोडावी लागली असती.

त्या खेपेला अहवाल पाठवण्याआधी मी सुमतीला दाखवला नव्हता. कार्बन कॉपी टेबलावर होती. एका रविवारी सकाळी ती सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मधेच हात थांबवून तिनं ती वाचायला घेतली आणि शेवटपर्यंत वाचली.

"छान लिहिलंय," ती म्हणाली. "फक्त एक कळलं नाही. त्याला स्वप्न पडलं होतं का?"

"कसलं?"

"भोकं बुजवायचं."

"पत्र गेलं होतं, स्वच्छता ठेवा म्हणून."

"कुणाचं?"

"कचेरीचं."

"कचेरीला हात असतात होय." ती परत तांदूळ निवडू लागली. "आणि त्यात ओघळ दिसू नयेत असं होतं?"

माझ्या लक्षात आलं, की पत्राचा मसुदाही मी याच टेबलावर केला होता आणि तोही तिनं वाचला होता.

"सही साहेबांची आहे," मी म्हणालो.

"मी सहीचं विचारलं नाही."

त्यानंतर तिनं विषय काढला नाही. मी सहा आठवडे काही केलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे. माझं नाव बढतीसाठी वर गेलेलं होतं. आमच्या दोन मुलांपैकी धाकटीचा जन्म त्याच वर्षीचा. रोज कचेरीत जाताना आज साहेबांना सांगू, असं ठरवायचं आणि संध्याकाळी परत यायचं. तिकडं तिप्पण्णा त्यानंच तयार केलेल्या एका गड्याच्या हाताखाली ढिगारा उपसत होता, हे मला माहीत होतं. तिथल्या कामाचा दर हप्त्याचा अहवाल माझ्याच टेबलावर येई.

शेवटी मी दोन पानांची पुरवणी लिहिली. भोकं बुजवण्यास कारण झालेलं वाक्य मुख्य कचेरीच्या पत्रातलं आहे, साहेबांनी फक्त स्वच्छतेचं सांगितलं होतं, ते वाक्य माझं आहे, आणि भोकं ठेवणाराही मीच असल्यानं त्याचा अर्थ काय होऊ शकतो हे कळायला हवं होतं ते मला. या खेपेला आधी सुमतीला दाखवलं. तिनं एक काना दुरुस्त केला आणि परत दिलं.

साहेबांनी उभ्यानंच वाचलं. "देशपांडे, हे घरी घेऊन जा," ते म्हणाले. "स्वल्प विचार करा. मुकादम काय, दुसरा मिळेल."

"विचार करूनच आणलं आहे, सर."

"त्या पत्रावर सही माझी आहे. ते लक्षात आहे ना?"

"आहे, सर."

त्यांनी कागद खणात टाकला. अकरा दिवस तो तिथं होता. बाराव्या दिवशी वर जाणाऱ्या टपालात मला तो दिसला. खाली साहेबांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, की सही करताना हे वाक्य मी वाचलं होतं आणि मलाही त्यात काही खटकलं नाही. याबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. त्यांना जी मुदतवाढ मिळेल असं सगळे धरून चालले होते, ती मिळाली नाही.

तिप्पण्णाला कामावरून काढण्याचा विचार रद्द झाला आणि दिवाळीनंतर तो परत मुकादम झाला. पण उरलेला सगळा पावसाळा तो गडी म्हणून राबला, आणि त्यातले सहा आठवडे माझ्या खात्यावरचे आहेत. माझी बढती चार वर्षं मागं पडली. शिवाय मला टेबलावरून उठवून त्याच घाटावर पाठवण्यात आलं, सातव्या वळणाची भिंत परत बांधायला. सुमती मुलांना घेऊन राजाजीनगरात राहिली. शिक्षा म्हणून झालेल्या त्या बदलीत मी जे शिकलो, त्यावर माझी पुढची सगळी नोकरी चालली. पण तेव्हा तसं वाटत नव्हतं.

मी घाटात पोचलो तेव्हा पाया खणून झाला होता. तिप्पण्णा खाली उतरून कुदळीच्या दांड्यानं खडक ठोकून बघत होता. मी त्याला वर बोलावलं आणि दोघंच होतो तेव्हा सांगितलं, की पत्रातलं ते वाक्य माझं होतं. बंगळूरहून निघाल्यापासून मी ते मनात घोळवत होतो.

तो खाली बसला. टोपी काढली, झटकली, परत घातली.

"वाक्य तुमचं असंल," तो म्हणाला. "हात तर माझा न्हवं? तीस वर्सं भिंती बांधतोय. भोक बुजवलं की काय हुतंय, ते मला ठावं न्हवतं व्हय?"

"मग का बुजवलीत?"

"साहेब लोक येणार. भिंत गळती बघून म्हणतील, तिप्पण्णानं कच्ची बांधली. म्हटलं, पाव्हणे गेले की फोडू परत. मग टोळी पुलाच्या कामाला नेली. आलो तवर पाऊस आला." मग तो म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही म्हणालात, भिंत कशी कोरडी राहिली, छान हाय. तवाच सांगायचं हुतं तुमास्नी. जीभ उचलली न्हाई. मोटारीचं ऐकलं न्हाई तुमचं, पण ह्ये सांगायला भ्यालो."

मी म्हणालो, की भ्यायचं कारण मीही होतो.

"ते हाय," त्यानं मान्य केलं. मग म्हणाला, "आता एक करा. नव्या भिंतीची भोकं कुणीबी, कुणाच्याबी सांगण्यावरनं बुजवायची न्हाईत, असं लिवून द्या. कानडीत द्या. मधे कारकून नको."

तोपर्यंत मी कानडी लिहायला शिकलो होतो, पण सरकारी हुकूम कधी कानडीत लिहिला नव्हता. गुडघ्यावर वही ठेवून चार ओळी लिहिल्या. अक्षर शाळेतल्या मुलासारखं आलं.

"वाचा."

मी वाचून दाखवलं.

"परत वाचा."

परत वाचलं.

"खाली सही कुणाची?"

"माझी."

"मोठ्या साहेबांची न्हाई?"

"नाही. ज्यानं लिहिलं त्याची."

त्यानं कागद घेतला, उलटसुलट करून बघितला, आणि टोळीत एक जण चौथीपर्यंत शिकलेला होता त्याला हाक मारली. त्याला काही न सांगता कागद त्याच्या हातात दिला आणि मोठ्यानं वाचायला लावला. तो अडखळत वाचत होता तेव्हा तिप्पण्णा त्याच्याकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघत होता. मी जे वाचलं तेच त्या माणसानं वाचलं.

"सरी," तिप्पण्णा म्हणाला. कागदाची घडी टोपीच्या आत सरकवून तो उठला आणि खाली उतरता उतरता गड्यांना म्हणाला, "चला रे, धरा दगड. ह्यो साहेब कुठं गावंल, ते आता आपल्याला ठावं हाय."